माहितीपुस्तिका नसलेली वापरलेली कन्व्हर्टिबल गाडी कशी समजून घ्यावी

वापरलेली कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार विकत घेतली की चावी, आरसी बुक आणि विम्याचे कागद हातात येतात. मूळ माहितीपुस्तिका मात्र क्वचितच येते, आणि आली तरी ती कधी परकीय भाषेतली, तर कधी दुसऱ्याच मॉडेलची निघते. मराठवाड्याला महागड्या गाड्यांचे नवल उरलेले नाही. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेतील व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेच्या घरात मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती. तरीही दोन आसनांची, छत उघडणारी गाडी आजही जालना, परभणी किंवा लातूरच्या रस्त्यावर विरळाच दिसते. त्यामुळे जवळच्या गॅरेजमधला चांगला अनुभवी मिस्त्रीसुद्धा तिच्या छताची यंत्रणा पहिल्यांदाच पाहत असण्याची शक्यता मोठी असते, आणि गाडीची ओळख करून घेण्याचे बरेचसे काम मालकालाच करावे लागते. हे काम अवघड नाही, कारण पुस्तिकेतली महत्त्वाची माहिती कारखान्याने गाडीच्या अंगावरही नोंदवलेली असते. क्रम मात्र पाळला पाहिजे: आधी वाचावे, मग पाहावे आणि बटणाला हात सर्वांत शेवटी लावावा.

सुरुवात चॅसिस क्रमांकापासून करावी. हा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो. त्याशिवाय तो दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, बोनेटखाली किंवा सीटसमोरच्या गालिच्याखाली पत्र्यावर कोरलेला सापडतो. तो सर्व ठिकाणी एकच आहे आणि आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळतो, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहून घ्यावा. गाडी पुण्या-मुंबईच्या पासिंगची असली तरी राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलावा लागत नाही. २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरून नाव हस्तांतरित करावे लागते आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो.

चॅसिस क्रमांकाचा खरा उपयोग यापुढे होतो. तो दिल्यावर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून गाडी नेमकी कोणत्या महिन्यात बनली आणि कारखान्यातून कोणत्या सोयींसह बाहेर पडली हे कळू शकते. गाडी पूर्वी कंपनीकडेच जात असेल, तर सर्व्हिसच्या नोंदीही पाहायला मिळू शकतात. अनेक कंपन्या जुन्या मॉडेलांच्या पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. तिथे शोधताना मॉडेलच्या नावावर न जाता बनावटीचे वर्ष आणि इंजिन पाहावे, कारण एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की सगळेच बदलते. बीएमडब्ल्यू झेड४ हेच उदाहरण घ्यावे. तिच्या पहिल्या पिढीला कापडी छत होते, २००९ साली आलेल्या दुसऱ्या पिढीला दोन तुकड्यांचे ॲल्युमिनियमचे घडीचे छत मिळाले आणि तिसऱ्या पिढीत कंपनी पुन्हा कापडाकडे वळली. चुकीच्या पिढीची पुस्तिका हाती पडली, तर छताबद्दलच्या सूचना उपयोगी पडण्याऐवजी नुकसानच करतील.

पुस्तिका मिळो वा न मिळो, एक सकाळ गाडीवरची स्टिकरे वाचण्यासाठी राखून ठेवावी. चालकाचे दार उघडले की खांबावर किंवा दाराच्या कडेला टायरच्या हवेचे कोष्टक असते. त्यात पुढच्या-मागच्या चाकांची आणि रिकाम्या-भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. परदेशी गाडीत ती बारमध्ये किंवा किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते आणि आपल्याकडे पंक्चरवाला ‘किती हवा भरू’ असे विचारतो ते पीएसआयमध्ये. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय, एवढे ध्यानात ठेवले की २.३ बार म्हणजे जवळजवळ ३३ हे तिथेच सांगता येते. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इंधनाचा ऑक्टेन क्रमांक, म्हणजे पेट्रोल इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याच्या क्षमतेचा आकडा, असतो. तिथे किमान ९५ लिहिलेले असेल, तर तो आकडा पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलशी ताडून पाहावा. ऑक्टेनखेरीज इथेनॉलचाही विचार करावा लागतो. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची युरोपीय गाडी साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणासाठी बनवलेली असते. अशी गाडी त्यावर लगेच बंद पडत नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि बोनेटखाली पेट्रोलचा वास येतो का याकडे लक्ष ठेवावे.

यानंतर चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात; त्यांतले बरेचसे काही सेकंदांत एकेक करून विझतात, तर इंजिन, तेल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू झाल्यावरच विझतात. ही गाडीने स्वतःची केलेली तपासणी असते. कोणता दिवा विझत नाही हे सगळेच पाहतात. कोणता दिवा मुळात लागतच नाही, हे पाहायला मात्र बहुतेक जण विसरतात. एअरबॅगचा किंवा इंजिनाचा दिवा सुरुवातीलाही लागला नाही, तर दोष लपवण्यासाठी तो बंद करून टाकलेला असण्याचा दाट संशय घ्यावा. रंगांचा अर्थ जवळपास सगळ्या कंपन्यांत सारखा आहे: लाल दिव्यासाठी गाडी सुरक्षित जागी थांबवावी, पिवळ्यासाठी लवकर गॅरेज गाठावे, हिरवा किंवा निळा दिवा काहीतरी चालू असल्याचे सांगतो. पेट्रोलच्या काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असेल, तर टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे हे तो दाखवतो.

छताची ओळख

कन्व्हर्टिबल गाडीत सर्वांत नाजूक आणि सर्वांत महाग दुरुस्ती छताची असते, म्हणून त्याला सर्वाधिक वेळ द्यावा असे माझे मत आहे. आधी छत कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे. कापडी छत हाताने उघडणारे असेल, तर पुढच्या काचेच्या वर एक किंवा दोन कड्या असतात. विजेवर चालणारे असेल, तर सीटांच्या मधल्या भागात किंवा आरशाजवळ बटण असते. मर्सिडीज एसएलके किंवा दुसऱ्या पिढीची झेड४ यांसारख्या गाड्यांत धातूचे छत घडी होऊन डिकीत जाते. अशा छताला हायड्रॉलिक पंप, दोन्ही बाजूंचे सिलिंडर, त्यांतले तेल आणि प्रत्येक टप्प्यावर ‘झाले’ असे सांगणारे छोटे स्विच असतात. यांतला एक स्विच जरी बरोबर बोलला नाही, तरी छत जागचे हलत नाही. त्यामुळे छत चालत नाही म्हणजे पंप जळाला, असा निष्कर्ष कोणी काढून दिला तर तो लगेच मान्य करू नये.

छत न हलण्याचे सर्वांत साधे कारण डिकीत असते. घडीच्या छताच्या गाडीत सामान आणि छत यांच्या मध्ये एक पडदा किंवा सरकते झाकण असते. ते ओढून त्याच्या खाचेत नीट बसवल्याशिवाय यंत्रणा छत हलू देत नाही, कारण तसे झाले तर छत सामानावर आदळेल. डिकी पूर्ण बंद असणे, बॅटरी पुरेशी चार्ज असणे आणि गाडी उभी असणे याही अटी असतात. काही मॉडेलांत कमी वेगात चालत्या गाडीचे छत उघडते, काहींत ब्रेक दाबून ठेवावा लागतो. आपल्या गाडीची अट माहीत होईपर्यंत गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबूनच छत चालवावे. इंजिन बंद ठेवून तीन-चार वेळा छत उघडझाप केले, तर जुनी बॅटरी तिथेच बसते.

पहिल्यांदा छत उघडताना दुसऱ्या एका माणसाला गाडीच्या मागे काही पावले अंतरावर उभे करावे आणि त्याने हात लावायचा नाही, फक्त पाहायचे, असे त्याला बजावून सांगावे. आपल्याकडच्या घरांच्या पोर्चचा स्लॅब पुष्कळदा ठेंगणा असतो, आणि घडीचे छत मिटण्यापूर्वी गाडीच्या उंचीच्या बरेच वर जाते, तर डिकीचे झाकण उलट्या बाजूने मागे उघडते. म्हणून पहिली चाचणी पोर्चमध्ये किंवा झाडाखाली न घेता मोकळ्या अंगणात घ्यावी. बटण दाबून धरावे आणि कान पंपाकडे ठेवावा. पंपाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा यायला हवा, छताची डावी आणि उजवी बाजू बरोबरीने वर उठायला हवी, आणि शेवटी काचा आपापल्या जागी येऊन बटणाजवळचा दिवा विझायला किंवा डॅशबोर्डवर तसा संदेश यायला हवा. दुसऱ्या पिढीच्या झेड४ मध्ये हे सारे सुमारे वीस सेकंदांत होते. एक बाजू मागे राहत असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरमधून तेल गळत असण्याची शक्यता असते. काही मॉडेलांत हे तेल पुढच्या लॉकजवळ झिरपते आणि आरशाच्या वरच्या अस्तरावर पिवळट, चिकट डाग पडतो. तो डाग बोटाने चाचपून पाहावा. छत मध्येच थांबले, तर बटण पुन्हापुन्हा दाबू नये, कारण अडकलेल्या छतावर पंपाचा जोर आला की वाकतात त्या बिजागऱ्या, आणि त्या सरळ करून पुन्हा जुळवणे फार कठीण असते.

छत हाताने कसे बंद करायचे, हे मात्र पावसाळ्यापूर्वी शिकून घ्यावेच लागते. मराठवाड्यात पावसाळ्याबाहेरही अवकाळी पाऊस आणि गारपीट अचानक येते, आणि बीड-धाराशिवच्या मधल्या रस्त्यावर छत अर्धवट अडकले, तर तिथे शिकायला वेळ मिळत नाही. बहुतेक हायड्रॉलिक पंपांवर एक स्क्रू किंवा झडप असते; ती ढिली केली की तेलाचा दाब सुटतो आणि दोन माणसांना छत हळूहळू हाताने ओढून बसवता येते. हा पंप बहुधा डिकीच्या अस्तरामागे किंवा डिकीच्या तळाशी असतो, आणि त्यासाठी लागणारा ॲलन पाना किंवा दांडा गाडीच्या हत्यारांच्या कप्प्यात असतो. पंप कुठे आहे, झडप कोणत्या बाजूला आहे आणि पाना जागेवर आहे का, एवढे अनुभवी माणसाला सोबत घेऊन एकदा पाहून ठेवावे. छत अर्धवट असताना गाडी कधीही चालवू नये.

कापडी छताची तपासणी वेगळी असते. शिवणींवर, घडीच्या रेषांवर आणि मागच्या काचेच्या कडेने बोट फिरवावे. मागची काच प्लॅस्टिकची असेल, तर ती उन्हाने पिवळी पडून घडीच्या जागी तडकते, म्हणून अशा गाडीचे छत उघडताना मधली घडी हाताने सावरावी किंवा तिथे मऊ कापडाची गुंडाळी ठेवावी. ओले छत घडी करून ठेवले की आतल्या अंधारात बुरशी धरते. पाऊस थांबल्याबरोबर छत उघडण्याचा मोह टाळून आधी ते वाळू द्यावे.

पाण्याच्या वाटा

कन्व्हर्टिबलच्या छतावर पडलेले सगळेच पाणी बाहेरून ओघळून जात नाही. त्यातले थोडे छत जिथे गाडीच्या पत्र्याला मिळते तिथल्या पन्हाळीत उतरते आणि दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्यांतून गाडीच्या खाली जाते. या नळ्या बुजल्या, तर पाणी गाडीच्या आत साचते, आणि साचते ते नेमके तिथे, जिथे कंपनीने महत्त्वाची विद्युत उपकरणे बसवलेली असतात. पहिल्या पिढीच्या झेड४ मध्ये छताची मोटर पाण्याच्या वाटेलाच लागून असल्यामुळे नळी तुंबली की मोटर बुडून निकामी होते. जुन्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये सीटखालचे नियंत्रण उपकरण असेच भिजते आणि मग गाडी चावीच ओळखत नाही. हे दोष त्या त्या गाडीचे जुने आणि सर्वज्ञात दुखणे आहेत, तरी मूळ कारण साधे आहे: पाला आणि धूळ.

आपल्याकडे तर हा धोका दुप्पट आहे. उन्हाळ्यात सावली म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली जाते, चैत्रात त्याचा मोहोर आणि बारीक पाने पन्हाळीत पडतात, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि मृगाच्या पहिल्या सरीत त्याचा घट्ट चिखल होऊन नळीच्या तोंडाशी अडकतो. म्हणून मे महिन्यातच ही तपासणी करावी. छत अर्धे उघडून सीटांच्या मागच्या कोपऱ्यात, किंवा घडीच्या छताच्या गाडीत डिकीच्या कडेच्या खाचेत, नळीचे तोंड शोधावे. साधारण तांब्याभर स्वच्छ पाणी अगदी बारीक धारेने तिथे सोडावे आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून मागच्या चाकाजवळ पाहायला सांगावे. धार पडताच काही क्षणांत खाली जमिनीवर पाणी दिसले आणि ते आधी गढूळ व मग स्वच्छ आले, तर वाट मोकळी आहे. वरच्या तोंडाशी पाणी तुंबून राहिले, तर लगेच ओतणे थांबवावे. नळी साफ करायला गवत कापण्याच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी फार उपयोगी पडते. ती हलक्या हाताने, गोल फिरवत आत घालावी. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये, कारण जोराच्या हवेने आतले नळीचे सांधे निसटतात आणि मग पाणी थेट गालिच्याखाली जाते. गाडी आपल्याकडे येण्यापूर्वीच भिजलेली होती का, हे पाहायचे असेल, तर सीटमागचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा स्पंज तळहाताने दाबून पाहावा. वरून कोरडा वाटणारा गालिचा खाली ओला असू शकतो.

छताभोवतीच्या रबरी पट्ट्या ऊन आणि धूळ यांनी कडक होतात. त्या ओल्या कापडाने पुसून, वाळल्यावर त्यांना सिलिकॉनचे वंगण अगदी पातळ लावावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते आणि धूळ अधिक चिकटते. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी दिली, तर छताच्या कडांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, हे तिथे उभे राहून सांगावे.

काचा, बॅटरी आणि चावी

या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दाराचे हँडल ओढले की काच बोटभर खाली सरकते आणि दार लागल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. बॅटरी उतरली असेल किंवा तिची वायर काढली असेल, तर काच खाली सरकत नाही, आणि तशा स्थितीत दार जोराने लावले तर काच आणि रबर दोन्ही दुखावतात. बॅटरी बदलल्यानंतर काचेला तिची वरची आणि खालची मर्यादा पुन्हा शिकवावी लागते: पुष्कळ गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचे आणि मग पूर्ण वर नेऊन तसेच धरायचे, एवढ्याने काम होते. हे माहीत नसल्यामुळे काचेची मोटर बदलण्याचा खर्च कोणावर येऊ नये.

बॅटरी बोनेटखाली दिसली नाही, तर घाबरू नये. वजनाचा तोल साधण्यासाठी ती अनेकदा डिकीत ठेवलेली असते. जंप स्टार्टसाठी बोनेटखाली लाल टोपीचे टर्मिनल दिलेले असते, आणि तेच वापरावे. डिकी विजेवर उघडणारी असेल, तर बॅटरी पूर्ण उतरल्यावर डिकी कशी उघडायची, हे आजच शोधून ठेवावे. बहुतेक रिमोटच्या आत एक लपलेली धातूची चावी असते आणि दाराच्या हँडलजवळ किंवा डिकीवर तिचे छिद्र असते. महिन्यातून दोन-तीनदाच चालणाऱ्या गाडीला बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण या गाड्यांतले पुष्कळसे खोटे दोषसंदेश बॅटरी कमजोर पडली की येऊ लागतात.

टायर आणि नसलेली स्टेपनी

डिकीत स्टेपनी शोधायला जावे, तर बहुधा ती नसते. तिच्या जागी एक तर छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली असते, किंवा टायर रनफ्लॅट जातीचे असतात. बाटलीवर मुदतीची तारीख असते आणि जुन्या गाडीत ती हमखास उलटून गेलेली असते. रनफ्लॅट टायर ओळखायला त्याच्या बाजूवरची अक्षरे पाहावीत: ब्रिजस्टोनवर आरएफटी, गुडइयरवर आरओएफ, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, मिशेलिनवर झेडपी. असा टायर हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि सुमारे ८० किलोमीटर चालतो. पूर्वीच्या मालकाने पैसे वाचवण्यासाठी साधे टायर बसवले असतील आणि गाडीत स्टेपनीही नसेल, तर ही गोष्ट रात्रीच्या प्रवासापूर्वी कळायला हवी.

त्याच वेळी टायरचे वय पाहावे. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि रबर मात्र वयाने कडक झालेले असते. समृद्धी महामार्ग आपल्या छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जातो, तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता तापलेला असतो. दहा वर्षांच्या टायरवर त्या रस्त्याला लागणे मला अक्षम्य वाटते, मग नक्षी कितीही नवी दिसो.

चाकाच्या नटांपैकी प्रत्येक चाकावरचा एक नट वेगळ्या आकाराचा दिसला, तर तो चोरीपासून संरक्षणाचा लॉकनट असतो, आणि तो उघडणारा छोटा अडॅप्टर नसेल तर पंक्चरवाला काहीच करू शकत नाही. ग्लोव्ह बॉक्स, हत्यारांचा कप्पा आणि डिकीच्या बाजूचे खण धुंडाळून तो शोधावा. सापडला नाही तर विकणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा. जॅक लावण्याच्या जागा दारांखालच्या पट्टीवर खाचांनी किंवा रबरी ठोकळ्यांनी दाखवलेल्या असतात. छत नसल्यामुळे या गाड्यांची बरीचशी ताकद याच पट्ट्यांत असते, म्हणून जॅक भलतीकडे लावू देऊ नये. गाडी बंद पडली, तर ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोरीने ओढत न नेता सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून न्यावी.

तेल-पाण्याची तपासणी नेहमीचीच आहे, तिला फार शब्द नकोत. कूलंट इंजिन थंड असतानाच पाहावे आणि त्याच्या रंगावरून प्रकार ठरवू नये. ब्रेक ऑइलचा प्रकार टाकीच्या टोपणावर लिहिलेला असतो. इंजिन ऑइलची मात्र एक नवी गोष्ट आहे: काही जर्मन इंजिनांत डिपस्टिकच, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टीच, नसते, तेलाची पातळी डॅशबोर्डच्या पडद्यावर पाहावी लागते आणि ती खरी दिसण्यासाठी इंजिन गरम आणि जमीन सपाट असावी लागते. डिपस्टिक सापडत नाही म्हणून मिस्त्रीने अंदाजाने तेल ओतू नये.

स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावून मोबाइलवर इंजिनाचे दोष वाचता येतात. दोषांची यादी रिकामी असेल, तर त्याच ॲपमध्ये गाडीच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते पाहावे. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर विक्रीच्या आधी कोणीतरी दोष पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. छत, एअरबॅग आणि सीटमागचे सुरक्षाकमानीचे भाग या स्कॅनरला बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एकदा जावे. काही गाड्यांत या कमानी लपलेल्या असतात आणि गाडी उलटू लागली की झटक्यात वर येतात, म्हणून सीटमागे बॅग किंवा उशी ठेवू नये. दोन आसनी गाडीत लहान मुलाला मागे तोंड करून बसवायची सीट लावायची असेल, तर पुढची एअरबॅग बंद करण्याची सोय आहे की नाही हे आधी पाहावे. ती नसेल, तर त्या गाडीत तान्ह्या मुलाला नेऊ नये.

हे सारे झाल्यावर गाडी रस्त्यावर काढावी, आणि तीही छत बंद ठेवून. खुलताबादहून म्हैसमाळला चढणारा रस्ता सकाळी लवकर मोकळा असतो; चढ, वळणे आणि उतार तिथे एकत्र मिळतात, त्यामुळे गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची परीक्षा थोड्याच अंतरात होते. गावाबाहेरच्या गतिरोधकांवर गाडी जरा तिरपी घेऊन एकेक चाक चढवावे आणि पुढचा बंपर घासतो का याकडे कान द्यावा. खडबडीत भागात डॅशबोर्ड आणि आरसा थोडे थरथरणे हे छत नसलेल्या गाडीत स्वाभाविक आहे, पण दार खाचेत करकरत असेल किंवा दोन्ही दारांच्या फटी वेगवेगळ्या दिसत असतील, तर गाडीला पूर्वी मोठा अपघात झाला होता का, हे चांगल्या डेंटरला दाखवून घ्यावे. परत आल्यावर गाडी रात्रभर फरशीवर उभी करून खाली जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला आहे आणि कोणत्या रंगाचा आहे ते पाहून जागेसकट त्याचा मोबाइलवर फोटो काढावा: इंजिनाखाली तपकिरी किंवा काळा असेल तर तेल, पुढे हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट, मागे डिकीखाली तेलकट ओल असेल तर छताच्या हायड्रॉलिकचा संशय, आणि एसी चालवल्यानंतरचे स्वच्छ पाणी असेल तर काहीच काळजी नको.